सात मिनिटांनी थोरला

"हे कर्ज माझं नाही! शंभरदा सांगितलं, नाही म्हणजे नाही!" असे म्हणून थोरल्याने पतअहवालाची चार पाने बँकेच्या तक्रार-खिडकीतून आत लोटली. ती आत बसलेल्या बाईंच्या चहाच्या कपाला जाऊन अडली.

बाईंनी कप बाजूला सरकवला. "ओरडू नका. काचेला भोक आहे, मला ऐकू येतं."

रांगेतले दोघे हसले. थोरल्याच्या कानशिलाची शीर तटतटली. बावीस वर्षे तो दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिला होता; लोखंडातला केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळे. आता कोठे दोन जुन्या लेथांसह स्वतःची शेड विकत घेण्याचा योग जुळून आला होता. विकणारा तीस तारखेपर्यंत थांबणार होता. आणि नेमक्या त्याच वेळी या चार पानांपायी त्याचा कर्जाचा अर्ज नामंजूर होऊन परत आला होता.

अहवालात त्याच्या नावावर दोन कर्जे होती. एकाचा हप्ता तारखेच्या तारखेला भरलेला. दुसऱ्याचे अकरा हप्ते थकलेले. 'थकीत' हा शब्द वाचताच थोरल्याच्या डोळ्यांत रक्त उतरले होते. पुढच्या आकड्यांत त्याने डोके घातलेच नाही.

"मी एकच कर्ज घेतलंय, घराच्या छपरासाठी. हप्ता मालक परस्पर पगारातून कापून भरतात. ही बघा पगारचिठ्ठी. एक महिना सुटलेला नाही."

"मग दुसरं कोणाचं? आडनाव तेच, आद्याक्षर तेच, जन्मतारीख तीच, पत्ताही तोच."

"असणारच! जुळे आहोत आम्ही. मी सात मिनिटांनी मोठा."

बाईंनी प्रथमच मान वर केली. "म्हणजे दोघांची खाती एकात मिसळली. थकलेलं कर्ज त्यांचं आहे, असं भावाकडून लिहून आणा. मग आम्ही मूळ कागद काढून खाती वेगळी करू."

"आणतो. त्याच्या नरड्यावर पाय देऊन आणतो."

धाकटा त्याच घराच्या माडीवर राहत असे आणि बँडपथकात क्लॅरिनेट वाजवीत असे. त्याने आयुष्यात एखादी गोष्ट गांभीर्याने घेतल्याचे कोणाच्या पाहण्यात नव्हते. शिक्षण अर्धवट, संसार मोडलेला, आणि दारात हप्त्यावर घेतलेली स्कूटर. थोरला जिना चढून आला तेव्हा तो मांडीवर फडके घेऊन वाद्य पुसत होता.

"या, या, वडीलधारे! सात मिनिटं उभे राहा, मग पाया पडतो."

"दात काढू नकोस! अकरा हप्ते थकवलेस, आणि तेही माझ्या नावावर? फुंकून फुंकून अक्कलसुद्धा फुंकून टाकलीस काय?"

धाकट्याने पाने हातात घेतली. चौथे पान संपल्यावर तो पुन्हा पहिल्यावर आला. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळले. ते पाहून थोरल्याची खात्रीच पटली.

"दादा, मालकांना एकदा विचारलंस का?"

"मालकांचं नाव घेऊ नकोस! त्या देवमाणसाचा इथे काय संबंध? तुझ्या पापाचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडतोस?"

धाकट्याने पाने नीट जुळवून ठेवली आणि विचारले, "शेडचा सौदा कधी?"

"तीस तारखेला. नाही झाला, तर मरेपर्यंत दुसऱ्याच्या लेथवर राबायचं. तुझ्यापायी!"

धाकट्याने वाद्य मांडीवरून बाजूला ठेवले. "पेन दे. काय लिहायचं ते सांग."

थोरल्याने सांगितला तो शब्द न शब्द त्याने लिहिला आणि खाली सही केली. "घे. झालास आता मालक. शेडमध्ये मला क्लॅरिनेट वाजवायला ठेव. लोखंड तरी टाळ्या वाजवील."

"तुझी सावलीसुद्धा नको मला तिथे. आजपासून मला भाऊ नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना सारी हकिकत सांगितली. मालक हळहळले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रक्ताचीच माणसं गळा कापतात बघ." थोरल्याला गहिवरून आले. त्या संध्याकाळी बायकोने माडीवर नेऊ घातलेले जेवणाचे ताट त्याने जिन्यातूनच परत आणले आणि जिन्याच्या दाराला कडी घातली.

एकोणतीस तारखेला खिडकीवरून बोलावणे आले. या खेपेस बाई काचेमागून उठून बाहेर आल्या. त्यांनी त्याला बाकावर बसवले आणि एक कागद हाती दिला.

"खाती वेगळी झाली. हे तुमचं."

त्या कागदावर थकलेले अकरा हप्ते जसेच्या तसे होते.

"डोळे फुटलेत का तुमचे?" थोरला ताडकन उठला. "त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय ना!"

"मूळ अर्ज सापडला. छपराचं कर्ज. सही तुमची, शिक्का तुमच्या मालकांचा. ते पगारातून कापत राहिले; इथे अकरा महिने एक पैसा आलेला नाही. वेळेवर भरलेलं कर्ज आहे ना, ते तुमच्या भावाच्या स्कूटरचं."

थोरला पुन्हा बाकावर टेकला. "मग... मग त्यानं कशाला लिहून दिलं?"

"तेच विचारायला साहेबांनी त्यांना सकाळपासून आत बसवलंय," बाई म्हणाल्या. "खोटं लिहून देणं गुन्हा आहे, पोलीस बोलवावे लागतील, सगळं सांगून झालं. तुमचा मूळ अर्जही पुढ्यात ठेवला. पण त्यांचं आपलं एकच चाललंय, 'ही सहीसुद्धा माझीच. जुळ्यांच्या सह्या सारख्याच येतात. तेवढं दादाचं नाव कोरं करून द्या, उद्या त्याचा सौदा आहे.'"