शनिवारचा व्हिडिओ

व्हिडिओ संपला आणि एलिसेओ आत आला. नेहमी तसाच यायचा. इंग्रजी ऐकायचा त्याला कंटाळा. डेल्फिना नंतर सगळं समजावून सांगते, तेवढं त्याला पुरे.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातल्या त्या लहानशा वाचनालयात दर शनिवारी पाचसहा जण जमत, कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या नव्या संशोधनावरचा एखादा फुकटचा व्हिडिओ लावत आणि येर्बा या वाळक्या पाल्याच्या कडू चहाचा एकच पेला आळीपाळीने पीत. पाणी ओतायचं काम डेल्फिनाचं. एलिसेओच्या वाट्याला ती हल्ली मुद्दाम कोमट, चव गेलेला पेला देई. तो मुकाट्याने पिई, कारण रविवारी तिचंच सगळं त्याला स्वतःच्या चॅनेलवर सांगायचं असे. तिचे बाबा बेकरीत गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत कुठला पाव हवा ते ओळखायचे. यंत्र पुढचा शब्द तसाच ओळखतं, हे तिचं उदाहरण. त्याने तेही सांगितलं, "माझे बाबा" म्हणून. तेव्हा तिच्या बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या दिवसापासून तिला त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"लवकर सांग गं, डेल्फी," तो खुर्ची ओढत म्हणाला. "सोमवारी ब्युनोस आयरेसला भाषण आहे माझं. आणि हे संशोधन जिने केलंय ना, ती बाई स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहे. तिचंच काम तिच्यासमोर सांगणार मी. विचार कर."

डेल्फिनाने विचार केला. मग जुना चोथा बादलीत झटकला, ताजी येर्बा भरली, वाफाळतं पाणी ओतलं आणि पहिला पेला त्याच्या हातात दिला. पहिला पेला फार कडू लागतो म्हणून तो ओतणाऱ्याने स्वतः प्यायचा असतो; पाहुण्याला कोणी देत नाही. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोमटाऐवजी गरम मिळालं म्हणून एलिसेओ खूश झाला.

"सोपं आहे," ती म्हणाली. "यंत्राला उत्तर देण्याआधी जितका जास्त वेळ विचार करू द्याल, तितकं उत्तर सुधारतं. प्रश्न सोपा असो की अवघड, कधीच बिघडत नाही."

व्हिडिओत बरोबर उलटं सांगितलं होतं. सोप्या प्रश्नाचं उत्तर यंत्राला आधी येतं आणि विचार करत बसलं की ते आपलं आपणच बिघडवतं. हे प्रत्येकाने आत्ताच ऐकलं होतं.

एलिसेओने फोनवर टिपून घेतलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो आबेलार्दो सरांकडे वळला. गणिताचे निवृत्त मास्तर. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली तरी दुकानदाराला बाहेर बोलावून दाखवणारा माणूस.

"सर, बरोबर आहे ना हे?"

डेल्फिनाच्या हातातली किटली तशीच राहिली.

सरांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "वाच बघू."

त्याने वाचून दाखवलं.

"'कधीच' राहिलं की तुझं," सर म्हणाले. "घाल ते आधी. आणि त्या बाईंकडे बघून दोनदा म्हण."