कोरं मशीन

टीमच्या कोडची लायब्ररी विंडोजवर बिल्ड व्हायची, म्हणजे कोडपासून वापरण्याजोगी तयार व्हायची; मॅकवर व्हायची, लिनक्सवरही व्हायची. फक्त टीममध्ये नव्याने आलेल्या तिच्या कोऱ्या मशीनवर चौथ्या दिवशीही अडत होती.

"एक फाइल सापडत नाही म्हणतंय," ती म्हणायची.

"आमच्याकडे तर चालतंय," सगळे म्हणायचे.

तिने राजीनामा टाइप करून ठेवला.

पाचव्या दिवशी टीमलीडचं जुनं मशीन बंद पडलं. नवं आलं, आणि तेही तिथेच अडलं. तो कपाळाला हात लावून बसला.

"ती फाइल मी सहा वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवरून प्रत्येकाला दिली होती. मूळ कोडमध्ये टाकायची राहूनच गेली. तुझंच मशीन खरं बोलत होतं, बाई."

तिने हळूच डिलीटचं बटण दाबलं.

"काय डिलीट केलंस?"

"काही नाही. माझ्याकडे एक फाइल जास्तीची होती."