एअरबेडचा पंप

रविवारी शर्यत होती. गाडीच्या रोटरी इंजिनाचे जादा इनटेक पोर्ट, म्हणजे हवा आत घेणारी तोंडं, हवेच्या दाबानं उघडायला गोमटेशला इलेक्ट्रिक पंप हवा होता. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या एअरबेडचाच त्यानं उचलून गॅरेजात आणला. "तिला काय कळतंय?" असं बायकोला, अपूर्वाला म्हणाला.

दुपारी त्यानं पंपाची वायर काढली, तरी पंप चालूच राहिला. पोर्ट संथपणे उघडत होते, मिटत होते.

वैतागून त्यानं हवेची नळी चिमटीत दाबली. पोर्ट मिटले. फोन वाजला.

"अवो, आईंचा श्वास थांबलाय की!" अपूर्वा ओरडली.

दचकून त्यानं नळी सोडली. पोर्ट उघडले.

"आला! घेतला बघा श्वास."

गोमटेश नळीकडं बघत राहिला. मग त्यानं ती पुन्हा चिमटीत धरली.

"आणि आता?" त्यानं हळूच विचारलं.