कडेचा उजेड

फळ्यावर खडूने दोन आकडे लिहिले होते : 'दोषी' अकरा आणि 'निर्दोष' एक. ज्यूरीचे प्रमुख मिस्टर हडसन यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि टेबलाभोवती नजर फिरवली. ती कांचन केळकरांवर येऊन थांबली.

सकाळी न्यायालयात बाराही जणांना एक फ्रेंच चित्रपट दाखवण्यात आला होता, केवळ प्रौढांसाठीचा. त्याची कॅसेट भाड्याने दिल्याबद्दल गावातला एक दुकानदार आरोपी होता. दोषी ठरला, तर तुरुंगात जाणार होता. न्यायाधीशांनी समजावले होते की, चित्रपटात कलेचे खरे मूल्य अजिबात नसेल तरच दुकानदार दोषी. आणि निर्णय बाराही जणांचा एकच हवा.

"तुमच्यासारखीला ते बघणं फार जड गेलं असेल," शेजारच्या वृद्ध मिसेस बेकर कांचनबाईंचा हात थोपटत म्हणाल्या. "मी तर चष्मा काढून पर्समध्येच ठेवला होता."

कांचनबाईंना अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन चारच महिने झाले होते. सकाळी ॲन आर्बरहून बर्फातून सोडायला आलेल्या कुमाररावांनी गाडीत छेडले होते, "चोरी की खून, एवढं तरी सांग की!"

"सांगायची बंदी आहे. गप्प ड्राइव्ह कर."

"नवऱ्यापासून सीक्रेट? पक्की अमेरिकन झालीस!"

हडसन खुर्ची ओढून समोर बसले. "आवडला तुम्हाला हा चित्रपट?"

"नाही."

"घरी मुलांना दाखवाल?"

"मुळीच नाही."

"मग?"

"आवडला का, असं न्यायाधीशांनी विचारलेलं नाही."

कुणीतरी हसले. हडसन हसले नाहीत. "राग मानू नका, मिसेस केळकर. इथल्या साध्या माणसाला काय वाटतं, हा प्रश्न आहे. तुमच्याकडे कदाचित वेगळं असेल."

चौदा वर्षे कांचनबाई मोटारींच्या कारखान्यात रंग तपासत होत्या. तिळाएवढी खोट दिसली, तरी त्यांच्या एका शब्दावर अख्खी गाडी मागे फिरत असे.

"बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एखादीचा रंग तरी मीच पास केलेला असेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी कुठली, हे कुणी विचारलं नव्हतं."

मग त्या सावकाश, कामावर नवख्या माणसाला समजावून सांगावे तशा बोलू लागल्या. "रंगातली खोट समोरच्या उजेडात दिसत नाही. दिवा कडेला धरावा लागतो. हा चित्रपट करणाऱ्यांनी तो तसाच धरला आहे. एक खोली, एक खिडकी. सुरुवातीला खुर्चीची सावली खुर्चीच्याच पायांशी आहे. शेवटी ती समोरच्या भिंतीवर चढते. गोष्ट एका दुपारची आहे, पण चित्रण कित्येक दिवस चाललं असणार. तरी ती सावली एकदाही मागे सरकलेली नाही. त्यातल्या बाईच्या चेहऱ्यावरचा थकवासुद्धा उजेड कलेल तसा वाढत जातो. ज्याला नुसती उघडी अंगं विकायची आहेत, तो एका खुर्चीच्या सावलीसाठी इतका जीव काढणार नाही."

"कसली सावली?" टेबलाच्या टोकाचा सुतार म्हणाला. "मी आयुष्यभर खुर्च्या करतोय. मला तिथली खुर्चीच आठवत नाही."

"खुर्ची बघायला कोण बसलं होतं!" दुसरा पुटपुटला, आणि साऱ्या खोलीत हशा उसळला.

"तुम्हाला आठवते, मिस्टर हडसन?" कांचनबाईंनी विचारले.

हडसन फळ्याकडे पाहत राहिले. त्या अकरांतले पहिले मत त्यांचे स्वतःचे होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि न्यायाधीशांना चिठ्ठी लिहिली.

अर्ध्या तासाने ते बाराही जण पुन्हा न्यायालयात आपापल्या जागी बसले. चाकांच्या टेबलावरचा टीव्ही पुढे ढकलण्यात आला. दुकानदाराने दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

"कुठून लावू?" कारकुनाने विचारले.

"आरंभापासून," हडसन म्हणाले.

मिसेस बेकरनी पर्स उघडली, चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि तो डोळ्यांवर चढवला.