उलटं लेबल

आरोग्यसेविका पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी तिसऱ्यांदा उभी राहिली. परवा अर्जावरची शाई निळी निघाली, काल शिक्का तिरका बसला. दोन्ही दिवसांचं पाणी ओतून देऊन आज तिनं ताजा नमुना आणला होता.

कारकुनानं चष्मा चढवला. "बाई, लेबल उलटं चिकटवलंय. उद्या या."

"अहो, माणसं आजारी पडतायत."

"मला सांगताय? आमच्याकडची निम्मी माणसं जुलाबानं घरी बसलीत. सगळा गाडा मी एकटा ओढतोय. म्हणून काय नियम धाब्यावर बसवू?" बोलून बोलून घशाला कोरड पडली, तसा त्यानं मागच्या नळावर पेला भरला आणि निम्मा रिकामा केला. "एवढी घाई आहे, तर पाणी आहे तरी कुठलं?"

"परवापासून अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय."

तीन दिवसांत त्यानं पहिल्यांदाच अर्ज वाचला. 'प्रयोगशाळेच्या गच्चीवरची टाकी.'

पेला त्यानं हळूच खाली ठेवला.

"ताई, लेबलाचं काय घेऊन बसलात! द्या ती बाटली."