सोड

जोमाच्या धाकट्या मेहुणीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. भरसमुद्रात होडी लाटेने आडवी झाली आणि त्याचा सासरा, होडीचा तांडेल हिराजी, बाहेर फेकला गेला. त्याच्या हाती दोराचं एक टोक लागलं, दुसरं जोमाच्या हातात होतं. पाण्यातलं जाळं होडीला खाली ओढत होतं. "सोड!" हिराजी ओरडला. होडीवर तांडेलाच्या 'सोड'चा अर्थ एकच, जाळं सोड. जोमाने लाथेने जाळ्याचा वेढा खुंट्यावरून उडवला. दुसरी होडी येईपर्यंत त्याने हातातला दोर मात्र सोडला नाही.

नायलॉनने दोन्ही तळवे हाडापर्यंत कापले होते. शिरा तुटल्यात, बोटं आता वळायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या खाटेवर खांदा निखळलेला हिराजी ते ऐकून भडकलाच.

"गाढवा, मी दोर सोड म्हटलं होतं! जाळं कशाला सोडलंस? नवं कोरं होतं ते!"

"तांडेल सोड म्हणाला की जाळंच सोडतात. तुम्हीच शिकवलंत ना, मामा?"

जोमा पुन्हा होडीवर गेला नाही. बायको येसू त्याला घास भरवायची. हिराजी दर लग्नात चारचौघांना सांगायचा, "माझ्या जावयाला साधं बोलणं कळत नाही." जोमा नुसता हसायचा. सासऱ्याला काय म्हणायचं होतं, ते त्याला तेव्हाच कळलं होतं. पण हे त्याने येसूलाही कधी सांगितलं नाही.

हिराजी तांडेल त्यानंतर अकरा वर्षांनी, होळीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या घरात झोपेत वारला.