कोंडलेलं स्वयंपाकघर

मृण्मयीच्या सासूबाईंची दहावीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि स्वयंपाक करता करता ‘व्हेंटिलेशन’ या शब्दाचा अभ्यास चालला होता.

“आई, याचे अर्थ तीन,” मृण्मयी म्हणाली. “ताजी हवा खेळवणं, यंत्राने श्वास पुरवणं आणि मनात साचलेलं उघड बोलणं. आता वाक्य करा.”

फोडणीच्या धुराने आईंना खोकला आला. कबुतरं घुसतात म्हणून अण्णांनी स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी फळ्या ठोकून बंद केली, त्याला बावीस वर्षं झाली होती.

“माय किचन, नो व्हेंटिलेशन,” आई मोठ्याने म्हणाल्या. “हजबंड क्लोज विंडो. नॉट आस्क मी.”

बाहेर पेपर वाचणारे अण्णा तरातरा आत आले. “अगं, बावीस वर्षांत एकदा मराठीत सांगायचं होतंस!”

“मराठीत धीर नाही झाला.”

अण्णा हातोडी आणून स्टुलावर चढले आणि एकेक फळी उचकटू लागले.

“अण्णा, कबुतरं परत आली तर?” मृण्मयीने विचारलं.

“येऊ देत,” फळी तिच्या हातात देत अण्णा म्हणाले. “मी रिटायर्ड माणूस. इथेच बसून हाकलीन.”